अष्टमीची मोजणी

"हलू नको! जितकी हलशील तितकी आत जाशील!"

मी बांधावरून ओरडले तरी ती बाई हलतच होती. खाजणाच्या चिखलात मांड्यांपर्यंत रुतलेली, गळ्यात दुर्बीण, एका हाताने तीन पायांचं लोखंडी तिकाटणं डोक्यावर धरलेलं, आणि तोंडाने "मावशी, मावशी" चाललेलं. माझी मोठी सून सुगंधा खुब्यांची टोपली टाकून धावायला निघाली. मी तिला हाताने अडवलं. ती घाईने गेली असती तर मला दोघींना उपसावं लागलं असतं.

"बस खाली," मी त्या बाईला म्हटलं.

"इथे?"

"मग काय पाट मांडू? ढुंगण टेक. आणि ते तिकाटणं सोड."

"ते नाही सोडता येणार. संस्थेचं आहे."

"आणि तू कोणाची हायस?"

बसली एकदाची. बसल्यावर वजन पसरतं, पाय सुटतो. आमच्या चार वर्षांच्या पोरींना हे कळतं. मी फळी टाकून गेले, काखेत हात घालून तिला ओढली. ती आली, एक बूट आतच राहिला. बांधावर चढल्यावर तिने आधी तिकाटणं पुसलं, मग स्वतःचं तोंड.

"रेणुका डोंगरवार," ती म्हणाली. "गोंदियाकडची."

आडनाव डोंगरवार आणि येऊन रुतली खाडीत. मी हसले. ती पण हसली. तिला राग येत नव्हता, हे मला तेव्हाच खटकलं.

"कशाला आलीस चिखलात?"

"पक्षी मोजायला, मावशी."

सुगंधाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आता आम्हाला पक्ष्यांच्या मोजणीची भीती का, ते सांगते. त्याच थंडीत, दिवाळीनंतर, माझ्या धाकट्या दिराच्या जाळ्यात एक टिलवा अडकला होता. टिलवा म्हणजे मुठीएवढा पक्षी, थंडीत येतो, उन्हाळा लागला की जातो. त्याच्या पायात निळं प्लॅस्टिक होतं, त्यावर इंग्रजी अक्षरं. गाईच्या कानाला सरकार पिवळा बिल्ला मारतं ना, तसं. सगळा पाडा बघायला जमला. मी पक्षी हातात घेऊन उलटासुलटा केला आणि सांगून टाकलं, "ह्याला सरकारी बिल्ला मारलाय. पक्षी सरकारजमा झाला. आता ह्याचं खाजण सरकारजमा व्हायचं राहिलं."

हे मी हवेत बोलले नव्हते. खाडीपलीकडच्या सांगव्यात आदल्या वर्षी दुर्बिणी घेऊन माणसं आली होती, पक्षी मोजून गेली होती, आणि सहा महिन्यांत त्यांच्या खाजणाला काटेरी तारेचं कुंपण पडलं. तिथल्या बायका टोपल्या घेऊन तारेबाहेर उभ्या राहिल्या. मी आमच्या बांधावरून माझ्या डोळ्यांनी बघितल्या.

आणि आमच्या खारकोंडला खाजणाशिवाय होतं काय? मिठागर बंद पडलं तेव्हा पुरुष घरी बसले, बायका चिखलात उतरल्या. शिंपल्यातले खुबे, चिखलातले निवट्या मासे, चिंबोऱ्या. साठ बायका त्या चिखलावर घर चालवत होत्या. मी पस्तिसाव्या वर्षी विधवा झाले, पदरात तीन पोरं. ती पोरं ह्या खाजणाने वाढवली. कोणी कुठे उकरायचं, कोणता तुकडा वर्षभर मोकळा सोडायचा, हे मी ठरवायची, आणि चांगुणा गावंडने ठरवलेलं कोणी मोडत नव्हतं. ते खाजण मी एका बूट हरवलेल्या पोरीच्या वहीत जाऊ देणार होते होय?

तिला घरी आणली. अंगावर पाणी घालायला दिलं, सुगंधाचं लुगडं दिलं, ते तिला नेसता येईना. मग तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण पुढे ठेवलं. तिखटाने नाक वाहत होतं तरी पोरगी दोनदा कालवण घेत होती.

"मावशी, हे पक्षी कुठून येतात माहीत आहे?"

"वरून."

"सायबेरियातून. चार-पाच हजार किलोमीटर उडून. तिकडे बर्फ पडला की इकडे येतात, तुमच्या चिखलातले किडे खाऊन लठ्ठ होतात, मग परत. पण जगभर कमी होत चाललेत. कुठे किती उतरतात तेच नीट कोणी मोजलेलं नाही."

"मोजून काय करणार?"

"कागदावर आले की जागा वाचवता येते."

वाचवता येते! सांगव्याची पण अशीच वाचवली असणार. मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

तिने वही काढली. शहाणी होती, मी नाही म्हणत नाही. म्हणाली, पक्षी ओहोटीला सगळ्या खाजणावर पांगलेले असतात, मोजता येत नाहीत. भरती आली, चिखल बुडाला की सगळे उंच कोरड्या जागेवर दाटीने बसतात, तेव्हा मोजायचे. "ती जागा कोणती, मावशी?"

जागा मला माहीत होती. जुन्या मिठागराचा मधला बांध. पुनवेला तिथे पाय ठेवायला जागा नसे, बांधच जिवंत होऊन हलतोय असं वाटायचं.

"मिठागराचा बांध," मी खरं सांगून टाकलं, कारण तेवढ्यात मला दुसरं काही दिसलं होतं. तिच्या वहीत भरतीच्या वेळा होत्या. तासाला तास, मिनिटाला मिनिट. पण पाणी किती चढणार, ते तिने बघितलंच नव्हतं. तिच्याकडच्या तलावांना कुठली आली भरती! तिला वाटत होतं, भरती म्हणजे भरती, रोज सारखी.

आमच्याकडे लहान पोराला विचारा. पुनवेला आणि अवसेला उधाण, पाणी बांधाला लागतं. अष्टमीला भांग, पाणी अर्ध्यावर येऊन आळस देतं आणि परत जातं. अष्टमीच्या भरतीला खाजणाच्या मधला उंचवटा बुडतच नाही. पक्षी तिकडेच बसतात, अर्ध्या कोसावर, धुक्यात. बांधावर कशाला येतील?

"मग पुढच्या आठवड्यात येऊ?" ती बोटांवर दिवस मोजत म्हणाली. "मंगळवारी दुपारी एकला भरती आहे."

मंगळवारी पुनव होती.

"मंगळवारी नाय," मी म्हटलं. "पुनव हाय. पुनवेला खाडीची देवी बांधावर फिरते. परक्या माणसाने जायचं नसतं. आमच्यात चालत नाय."

सुगंधाच्या हातातलं भांडं वाजलं. अशी कुठली देवी तिने लग्न होऊन आल्यापासून ऐकली नव्हती. ऐकणार कुठून, मी ती तेव्हाच घडवली होती.

वाटलं होतं, पोरगी हुज्जत घालेल. तिने मान लववली आणि ते सगळं वहीत लिहून घेतलं. देवीचं नाव काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाव घेत नाहीत. तेही लिहिलं.

"मग तुम्ही सांगाल तो दिवस, मावशी. तुमच्याइतकं इथलं कोणाला कळतं?"

"परवा ये. सकाळी सातची भरती बघ तुझ्या वहीत. आपल्याकडे आत पाणी यायला आठ वाजतात."

परवा अष्टमी.

ती आली, भल्या सकाळी, एक पाय नव्या बुटात आणि दुसराही. आम्ही तिघी मिठागराच्या बांधावर बसलो. पाणी आलं, अर्ध्यावर थांबलं. धुकं होतं. बांधावर पाचपन्नास टिलवे, थोडे चिखले, एका बाजूला वाकड्या चोचीचे चार कोरल. रेणुका दुर्बिणीतून डोळा काढेना. दोन तास. एकदा मोजलं, दोनदा मोजलं.

"एकशे बारा," ती म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "मला कोणीतरी हजारोंनी सांगितले होते."

"होते बाय, होते," मी सुस्कारा सोडला. सुस्कारा मला छान येतो. "माझ्या लग्नाच्या वेळी आभाळ झाकायचं. आता कुठले? संपले."

तिने तेही लिहिलं. लिहिताना तिचे डोळे भरले. मी दुसरीकडे बघितलं. तिथे उंचवट्यावर, धुक्यापलीकडे, राखाडी पट्टा दिसत होता. चिखल असेल असं कोणालाही वाटलं असतं.

"मावशी, साक्षीदार म्हणून तुमचं नाव घालू? गावचं कोणीतरी सोबत होतं असं असलं की कागदाला वजन येतं."

"घाल की."

तिने पिशवीतून शाईची डबी काढून, झाकण उघडून, अगदी आदराने माझ्यापुढे धरली.

माझं डोकं फिरलं. "हे काय गो? मी अंगठेबहाद्दर दिसते तुला? दुसरी पास हाय मी! ह्या पाड्यात माझ्या वयाच्या सगळ्या बायका अंगठा मारतात, एकटी चांगुणा सही करते. पेन आण!"

ती शरमून लाल झाली. मी कागद मांडीवर घेतला आणि पूर्ण नाव लिहिलं. चांगुणा गावंड. अक्षर ठसठशीत, दोन्ही टिंबं वाटाण्याएवढी. खाली रेघ पण ओढली.

घरी येताना सुगंधा म्हणाली, "आई, पोरगी रडत होती."

"पावसाशिवाय दुसऱ्या कोणाच्या रडण्याने खाजणात पाणी वाढत नाय."

"पुनवेला दहा हजार असतात."

"म्हणून तर अष्टमी. गप चाल."

पुनवेला मी मुद्दाम बांधावर गेले. भर दुपार, पाणी बांधाला लागलेलं, आणि पक्षी? बोट ठेवायला जागा नाही. मी त्यांना म्हटलं, "बसा रे बसा. तुमची मोजणी झाली नाय. मजा करा." पाड्यात माझी वाहवा झाली. चांगुणाबायने सरकार परतवलं! मी पण म्हटलं, परतवलंच.

दीड वर्ष गेलं.

मग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. एक कंपनी आमच्या खाजणावर भराव टाकून जहाजावरच्या मोठ्या लोखंडी पेट्या ठेवायचा तळ करणार होती. जनसुनावणी आहे, हरकत असेल त्याने येऊन बोलावं. सरपंचांनी आम्हाला बसवून समजावलं. खाजण सरकारी, आमच्या नावावर चिखलाचा एक गोळा नाही. आमचा पोट भरण्याचा हक्क ऐकतील, लिहून घेतील, आणि पुढे जातील. "एकच गोष्ट अडवू शकते," ते म्हणाले. "बाहेरदेशचे पक्षी. ते जर हजारोंनी उतरत असतील तर परवानगी मिळणं मुश्कील. आपल्याकडे उतरतात ना?"

साठ बायकांनी माझ्याकडे बघितलं.

"उतरतात," मी म्हटलं. "मी बोलते मांडवात."

शाळेच्या पटांगणात मांडव पडला. टेबलावर जिल्ह्याचे साहेब, बाजूला कंपनीचा साहेब, इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. मागच्या रांगेत रेणुका दिसली. सुगंधाने परस्पर फोन करून बोलावली होती. मी सुनेकडे असं बघितलं की दुसरी असती तर खाली बसली असती. सुगंधा बसली नाही.

मी माईक धरला. "मी चांगुणा गावंड. ह्या खाजणात चाळीस वर्षं उकरते. इथे पक्षी येतात, बर्फाच्या देशातून, चार-पाच हजार किलोमीटर उडून. इथला चिखल खाऊन लठ्ठ होतात. दहा हजार! मिठागराच्या बांधावर दहा हजार बसतात."

टाळ्या पडल्या. कंपनीचा साहेब उठला. माझ्यावर नाराज नव्हता तो, अजिबात. त्याने हातातला कागद वाचला.

"चौदा जानेवारी. खारकोंड मिठागर. सकाळी आठची भरती. एकूण पक्षी एकशे बारा. स्थानिक वृद्धेच्या सांगण्यानुसार पूर्वी हजारो असत, आता संपले. हा कंपनीचा कागद नाही हो, पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा आहे. साक्षीदार," तो थांबला, "चांगुणा गावंड." कागद घेऊन तो माझ्याजवळ आला. "आजी, ही सही आपलीच ना?"

मांडवात मागून कोणीतरी बोललं, "नाय म्हण!" दुसरी म्हणाली, "नाय म्हण गो चांगुणाबाय, कोण बघतंय!"

अंगठा असता तर म्हटलं असतं. अंगठे सगळ्यांचे सारखेच दिसतात. पण ती अक्षरं, ती दोन टिंबं, ती खालची रेघ! सबंध पाड्याने माझी सही बघितलेली. मीच दाखवत फिरायची.

"माझीच हाय," मी म्हटलं. "पण त्या दिवशी अष्टमी होती. भांगाचं पाणी. मी मुद्दाम नेली तिला. खोटं दाखवलं."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात," साहेब गोड आवाजात म्हणाला, "की आता बोलताय?"

मांडव हसला. माझाच पाडा, माझ्याच बायका. मी हसवते तेव्हा हसतात तशाच हसल्या.

"थंडीत पुनवेला या!" मी ओरडले. "पुनवेला बांधावर या आणि तुमच्या डोळ्यांनी बघा!"

त्याने कागद उलटला. "इथे लिहिलंय, पौर्णिमेला परक्या माणसांनी बांधावर जायला गावाची मनाई आहे. धार्मिक श्रद्धा. आम्ही तिचा मान राखतो, आजी."

माईक कोणी काढून घेतला, आठवत नाही.

मांडवाबाहेर आंब्याखाली रेणुका उभी होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला शिव्या हव्या होत्या. मी सबंध आयुष्य शिव्यांवर काढलंय, त्या मला झेलता येतात. तिचा तो कागद, तिचं नाव, सगळं मी चिखलात घातलं होतं.

तिने वही काढली. "मावशी, भांग म्हणजे काय? नीट सांगा. मला कोणी शिकवलंच नाही."

मी सांगितलं. अष्टमी, पुनव, अवस, आत पाणी यायला तास लागतो तो का, उंचवटा कधी बुडतो. ती लिहीत होती. सांगून झाल्यावर मी म्हटलं, "देवी पण खोटी."

"ते आत्ता मांडवात समजलं," ती म्हणाली.

तेवढ्यात सांगव्याची एक बाई येऊन टेकली, सुनावणी बघायला आली होती. मी तिला तारेच्या कुंपणाचं विचारलं. "कसलं पक्ष्यांचं कुंपण?" ती म्हणाली. "कोळंबीची तळी केली एका माणसाने, त्याचं कुंपण ते. पक्षीवाले तर उलट आमच्या बाजूने अर्ज करत होते."

सुगंधा तिथेच होती. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पुढे आलेल्या थंडीच्या पहिल्या पुनवेला आम्ही तिघींनी मोजलं. रेणुकाने दर शंभराला एक खडा वाटीत टाकायला मला बसवलं. आठ हजार सहाशे चाळीस. तिने कागद वर पाठवला. उत्तर आलं की हरकतीची मुदत संपली आहे.

होळीनंतर गाड्या आल्या. लाल माती, दगड. आधी मधला उंचवटा, मग आमचे तुकडे, वर्षभर मोकळे सोडलेले पण. त्याच मातीखाली रेणुकाचा बूट आहे. साठ बायकांतल्या काही कंपनीत झाडू मारायला लागल्या, काही शहरात भांडी घासायला. पेट्यांचा तळ काही पुरा झाला नाही, कंपनीच कुठेतरी बुडाली म्हणतात. भराव आहे, त्याला चहूबाजूंनी काटेरी तारेचं कुंपण आहे. मिठागराचा बांध तेवढा तारेबाहेर राहिला, आणि त्याच्या पायाशी चिखलाची एक पट्टी.

ह्याला सोळा वर्षं झाली. आता गावातल्या तरण्या पोरीच मला सांगतात, "आजी, पुनवेला बांधावर जाऊ नये, देवी असते." मी जाते. दर थंडीत, दर पुनवेला, सुगंधाला घेऊन. माझी नजर गेली म्हणून ती बघते, मी वाटीत खडे टाकते, आता दर दहाला एक. वाटी आता मोठी वाटते. मग फोन करायचा. रेणुका मोठ्या जागेवर गेली, देशभरचे किनारे तिच्याकडे आहेत, पण खारकोंडचा फोन ती स्वतः उचलते. ह्या सोळा वर्षांत तिने मला एका शब्दाने बोल लावलेला नाही. फक्त एक प्रश्न दर वेळी विचारते.

यंदाही विचारला.

"मावशी, तिथी कुठली होती?"

"पुनव."

"पाणी?"

"बांधाला लागलं होतं. सुगंधाचे पाय भिजले."

"किती?"

"चौऱ्याण्णव."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "परत मोजाल का एकदा?"

"तीनदा मोजले, पोरी."

सुगंधाने कागद माझ्यापुढे धरला, बोटाने जागा दाखवली. मी सही केली. अक्षर वाकडं येतं आता, पण टिंबं अजून वाटाण्याएवढीच येतात. रेघ ओढणं मी सोडलंय.

सुगंधा कागदाची घडी घालत होती तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझ्या खोट्यातसुद्धा अठरा पक्षी जास्त होते.